कबड्डीत बचाव वरचढ : नव्या डावपेचांनी खेळ सुधारला की थंडावला?

चाकसू (जयपूर) : जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या महामार्गावरील चाकसू हे तहसिलीचे ठिकाण शीतलामातेच्या चैत्रातील जत्रेसाठी राजस्थानात सर्वपरिचित आहे. जत्रा वर्षातून एकदाच भरते. कबड्डीचा फड मात्र या परिसरातील खेड्यांना वर्षभर नवा नसतो. २९ ऑगस्ट २०२२ रोजी जोधपूर येथून सुरू झालेल्या राजीव गांधी ग्रामीण ऑलिंपिक स्पर्धेत ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चढत्या पायऱ्या ठेवण्यात आल्या. त्या स्पर्धेसाठी राज्यभरातून सुमारे ३० लाख खेळाडूंनी नोंदणी केली आणि समाविष्ट खेळांत कबड्डीचा क्रमांक वरचा होता.

मातीवर खेळणाऱ्या या पिढीसमोर आदर्श आहे तो दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मॅटवरील खेळाचा. जयपूर पिंक पँथर्स हा संघ प्रो कबड्डी लीगचा २०१४ मधील पहिला विजेता. २०२२ मध्ये त्याने दुसऱ्यांदा विजेतेपद मिळविले. या दोन विजेतेपदांच्या दरम्यान कबड्डीची शैली बरीच बदलली. चढाईपटूच्या चपळाईवर टाळ्या घेणारा खेळ आता पकडींच्या आखीव व्यूहांवर, राखून ठेवलेल्या आघाडीवर आणि मुद्दाम सोडून दिलेल्या निष्फळ चढायांवर जिंकला जाऊ लागला. हा बदल खेळाच्या हिताचा आहे काय, हा प्रश्न प्रशिक्षक, पंच आणि प्रेक्षक या तिन्ही वर्गांत विचारला जात आहे. आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलने याच स्वरूपाच्या प्रश्नाला गेली दीड दशके तोंड दिले आणि २०२५ मध्ये नियमांची मोठी फेरमांडणी करून त्याचे उत्तर शोधले. त्या अनुभवाच्या प्रकाशात कबड्डीतील बचावाच्या डावपेचांचा हा आढावा.

बचावालाही गुण देणारा खेळ

बहुतेक सांघिक खेळांत बचाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू न देणे. फुटबॉलमधील बचावपटूने कितीही उत्तम कामगिरी केली, तरी त्यामुळे गोलफलक हलत नाही. कबड्डीची रचना मुळातच वेगळी आहे. येथे यशस्वी पकडीला गुण मिळतो आणि त्या गुणाबरोबर आपला एक बाद खेळाडू पुन्हा मैदानात येतो. गडी जिवंत होण्याची ही तरतूद ‘संजीवनी’ या जुन्या प्रकारातून आली आहे. बाद गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहणारी ‘गामिनी’ आणि कोणीही मैदान न सोडता केवळ गुण मोजली जाणारी ‘अमर’ हे प्रकारही एकेकाळी प्रचलित होते. आजच्या स्पर्धात्मक कबड्डीने संजीवनी स्वीकारली. त्यामुळे चढाई आणि पकड ही दोन्ही कौशल्ये गुणांच्या दृष्टीने समान पातळीवर आली.

महाराष्ट्रात हुतुतू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळाला लिखित नियमांची चौकट विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मिळू लागली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम निश्चित करून स्पर्धा भरविली. पुढे कबड्डीमहर्षी म्हणून गौरविले गेलेले शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी संघटन आणि प्रसाराचे काम केले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा पदकांच्या खेळांत समावेश झाला. या संपूर्ण प्रवासात नियमांत वेळोवेळी बदल झाले. त्यांपैकी अनेक बदलांचे सूत्र एकच दिसते : कोणत्याही संघाला धोका न पत्करता वेळ काढता येऊ नये.

धोका टाळण्यावर नियमांचा अंकुश

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूने कोणालाही स्पर्श केला नसेल, तर त्याला किमान एकदा निदान रेषा ओलांडावीच लागते. अन्यथा तो बाद ठरतो. मध्यरेषेजवळ दम घुमवून परत येण्याचा मार्ग या नियमाने बंद केला. पूर्वी चढाईची मर्यादा गड्याच्या दमाने ठरत असे. आता ती ३० सेकंदांची आहे.

समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडणाऱ्याला एक गुण मिळतो. भरलेल्या मैदानात शिरण्याचे धाडस व्हावे, हा त्यामागील हेतू. दुसऱ्या बाजूला तीन किंवा त्यापेक्षा कमी खेळाडू उरलेल्या संघाने चढाईपटूला पकडले, तर ती अव्वल पकड ठरते आणि एक गुण अधिक मिळतो. त्यामुळे दुबळ्या झालेल्या संघालाही सामन्यात परतण्याची संधी राहते आणि आघाडीवरील संघाची चढाई सोपी उरत नाही. पूर्ण संघ बाद केल्यास लोण चढतो आणि दोन अतिरिक्त गुण मिळतात.

सर्वांत परिणामकारक ठरला तो तिसऱ्या चढाईचा नियम. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया निष्फळ ठरल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे बंधनकारक असते. गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमुळे हा नियम घराघरांत पोहोचला. निष्फळ चढाया करून वेळ दवडणाऱ्या संघाला रोखण्यासाठी तो होता. प्रत्यक्षात त्याने वेळकाढूपणा कमी केलाच. परंतु त्याच वेळी बचावाच्या एका नव्या शास्त्रालाही जन्म दिला.

तिसऱ्या चढाईची प्रतीक्षा

नियमामागील कल्पना अशी होती की, तिसऱ्या चढाईच्या भीतीने संघ पहिल्या दोन चढायांतच गुण मिळविण्याचा प्रयत्न करतील. भक्कम बचाव असलेल्या संघांनी मात्र उलट हिशेब मांडला. पहिल्या दोन चढायांत चढाईपटूच्या मागे धावायचे नाही, घाईने पकडीला जायचे नाही, सातही गड्यांनी मागे राहून त्याला रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचे. तिसऱ्या खेपेस त्याला आत शिरणे भागच असते. अशा वेळी पुढाकार चढाईपटूकडून बचावाकडे जातो. पाऊल कोठे पडणार, किती वेळात पडणार याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. डावा आणि उजवा कोपरारक्षक पायाच्या पकडीसाठी दबा धरून राहतात, मध्यरक्षक धडक किंवा अडवणुकीसाठी तयार असतात आणि साखळीतील उरलेले खेळाडू परतीची वाट बंद करतात.

याचा कागदी हिशेब बोलका आहे. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन सत्रांत, एकूण ४० मिनिटांचा असतो. प्रत्येक चढाईने पूर्ण ३० सेकंद घेतले, तर दोन्ही संघांच्या मिळून सुमारे ८० चढाया होतात. दोन्ही संघांनी केवळ तिसऱ्या चढाईवरच खेळायचे ठरविले, तर त्यांतील खऱ्या अर्थाने झुंजीच्या चढाया २६ किंवा २७ इतक्याच उरतात. सर्व सामने असे होत नाहीत, कारण बोनस, बचावपटूंचा उतावळेपणा आणि चढाईपटूंचे धाडस हिशेब मोडीत काढतात. तरीही शेवटच्या पाच मिनिटांत चार-पाच गुणांची आघाडी असलेला संघ या टोकाकडे झुकताना दिसतो. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, बोनस रेषेकडे पाहतो, घड्याळाकडे पाहतो आणि परततो. नियमाचे पालन झालेले असते. खेळ मात्र थांबलेला असतो.

अंतिम सामन्यांचे गुणफलक काय सांगतात

बचावाने गुणांचा ओघ आटवला, हा आक्षेप तपासण्यासाठी लीगच्या १२ पर्वांतील अंतिम सामने पाहता येतात. पहिल्या चार पर्वांचे निकाल असे : जयपूरने यू मुंबाला ३५-२४, यू मुंबाने बंगळूरुला ३६-३०, पाटण्याने यू मुंबाला ३१-२८ आणि पाटण्याने जयपूरला ३७-२९ असे नमविले. दोन्ही संघांच्या एकत्रित गुणांची सरासरी ६२.५ भरते. पाचव्या ते आठव्या पर्वात ती ७७.५ वर गेली. २०१७ मधील पाटणा विरुद्ध गुजरात हा ५५-३८ असा संपलेला अंतिम सामना त्या काळाचे प्रतीक होता. वाकून बचावपटूंच्या हाताखालून निसटणारी ‘डुबकी’ लोकप्रिय करणाऱ्या प्रदीप नरवालने त्या पर्वात चढाईचे ३६९ गुण मिळविले.

नवव्या पर्वापासून चित्र पालटले. जयपूरने पुणेरी पलटणला ३३-२९ असे हरविले. दहाव्या पर्वात पुण्याने हरियाणावर २८-२५, अकराव्यात हरियाणाने पाटण्यावर ३२-२३ आणि बाराव्यात दिल्लीने पुण्यावर ३१-२८ असा विजय मिळविला. या चार सामन्यांची सरासरी ५७.२५ आहे. अंतिम सामन्यात दडपण अधिक असल्याने केवळ त्यावरून संपूर्ण पर्वाचा निष्कर्ष काढता येणार नाही. तरीही दोन गोष्टी स्पष्ट होतात. शेवटच्या चारही अंतिम सामन्यांतील गुणसंख्या त्याआधीच्या चारही सामन्यांपेक्षा कमी आहे. आणि ही घसरण सरळ रेषेत झालेली नाही : आधी गुण वाढले, मग घटले. चढाईपटूंनी नवी अस्त्रे शोधली, बचावपटूंनी त्यांवर उतारा शोधला. खेळाच्या प्रकृतीसाठी अशी चढाओढ स्वाभाविक मानली जाते.

जयपूरच्या २०२२ मधील यशाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. त्या संघाचा कर्णधार सुनील कुमार हा बचावपटू होता, तर डावा कोपरारक्षक अंकुश हा त्या पर्वात पकडींचे सर्वाधिक गुण मिळविणारा खेळाडू ठरला. परंतु त्याच संघातील अर्जुन देशवालने चढाईचे २९६ गुण मिळवून त्या आघाडीवरही अव्वल स्थान पटकाविले होते. पुणेरी पलटणच्या २०२४ मधील विजयात कर्णधार अस्लम इनामदारच्या चढायांइतकाच वाटा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, गौरव खत्री, अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत यांच्या बचावफळीचा होता. बचाव ही आता दुय्यम जबाबदारी राहिलेली नाही, हे लिलावाच्या बाजारातही दिसले. दहाव्या पर्वासाठी शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपये मिळाले. अकराव्या पर्वात सुनील कुमारला यू मुंबाने १ कोटी १.५ लाख रुपयांना घेतले. एक कोटीचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय बचावपटू ठरला.

इराणचा धडा आणि नाशिकच्या प्रशिक्षिका

भारतीय कबड्डीला बचावाचे मोल सर्वांत कठोरपणे कळले ते २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघाला उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असे पराभूत केले. कुस्तीची जुनी परंपरा असलेल्या इराणी खेळाडूंच्या पकडींपुढे भारताला चाळीस मिनिटांत केवळ १८ गुण मिळविता आले. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे नमविले. त्या विजेत्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रात घडलेल्या प्रशिक्षिकेने परक्या देशातील मुलींना शिस्तबद्ध कबड्डी शिकविली आणि तिच्या बळावर भारताची मक्तेदारी मोडली गेली. बचावाचे डावपेच खेळाला मारक आहेत, असे सरसकट म्हणणाऱ्यांसाठी हा प्रसंग विचार करायला लावणारा आहे. त्या पराभवांमुळे आशियातील कबड्डी अधिक चुरशीची झाली.

पाच वर्षांनंतर, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे, याच दोन देशांच्या पुरुष संघांतील अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना अखेरच्या मिनिटांत पवन सेहरावत तिसऱ्या, म्हणजेच निर्णायक चढाईसाठी उतरला. बचावपटूला स्पर्श न करताच तो राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे खेळाडूही तेथे शिरले. अशा वेळी केवळ चढाईपटू बाद धरायचा की बचावपटूही, यावर वाद उद्भवला. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील नियम आणि लीगमधील सुधारित नियम यांत या मुद्द्यावर तफावत होती. सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारताला चार आणि इराणला एक गुण देण्यात आला व भारताने ३३-२९ असा विजय मिळविला. सुवर्णपदकाचा फैसला ज्या चढाईवर झाला, तिचा नियम सर्वत्र एकसारखा नव्हता, ही बाब कबड्डीच्या नियमकर्त्यांसाठी पदकाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आयर्लंडने काय केले

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा देशी खेळ. १८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन त्याचे नियमन करते. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. चेंडू हाताने आणि पायानेही खेळता येतो. इंग्रजी ‘एच’ अक्षरासारख्या खांबांमध्ये आडव्या दांड्याखालून चेंडू गेल्यास गोल, म्हणजे तीन गुण; दांड्यावरून गेल्यास एक गुण, अशी पारंपरिक पद्धत. गाव आणि परगण्याच्या अभिमानावर उभा असलेला हा खेळ आजही हौशी स्वरूपाचाच आहे. खेळाडू नोकरी-व्यवसाय सांभाळून आपल्या परगण्यासाठी खेळतात. या बाबतीत तो भारतातील गावोगावच्या कबड्डीशी जवळचे नाते सांगतो.

२०११ च्या अखिल आयर्लंड उपांत्य सामन्यात डोनेगल परगण्याने प्रशिक्षक जिम मॅकगिनेस यांच्या मार्गदर्शनाखाली जवळजवळ सर्व खेळाडू आपल्या गोलसमोर उभे केले. डब्लिनने तो सामना अवघ्या आठ विरुद्ध सहा गुणांनी जिंकला. त्या सामन्यावर मोठी टीका झाली. परंतु पुढच्याच वर्षी त्याच डोनेगलने बचावातून वेगवान प्रतिहल्ल्याची जोड देत विजेतेपद मिळविले. तुलनेने छोट्या परगण्यांना बलाढ्य संघांशी झुंजण्याचे साधन मिळाले, असा युक्तिवाद तेव्हा झाला आणि तो खोटा नव्हता. अडचण पुढे उभी राहिली. सर्वच संघांनी ही रचना उचलली. समोर माणसांची भिंत आहे, मग चेंडू गमावण्याचा धोका कशाला, असे म्हणून आक्रमण करणारा संघही आडवे, मागचे पास देत चेंडू जवळ बाळगू लागला. बचाव करणारे जागचे हलत नव्हते आणि आक्रमण करणारे पुढे सरकत नव्हते.

२०२४ मध्ये डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उपाय सुचविले. ऑक्टोबरमध्ये प्रांतीय संघांच्या सामन्यांत ते प्रत्यक्ष खेळून पाहिले गेले आणि नोव्हेंबर अखेरीस विशेष अधिवेशनाने २०२५ च्या हंगामासाठी त्यांना संमती दिली. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू सदैव प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात राहिले पाहिजेत, ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या यशस्वी फटक्याला दोन गुण मिळतील, गोलरक्षकाकडे चेंडू परत देऊन वेळ काढण्यावर निर्बंध येतील, अशा त्यांतील प्रमुख तरतुदी. बचाव करू नका, असे या नियमांनी कोठेही सांगितले नाही. सर्वांना मागे उभे करण्याची सोय काढून घेतली आणि दुरून प्रयत्न करणाऱ्याला अधिक मोबदला दिला, इतकेच. २०२५ च्या अंतिम सामन्यात केरीने १ गोल व २६ गुण, म्हणजे एकूण २९ गुण, करून डोनेगलला १९ गुणांवर रोखले. डोनेगलचे प्रशिक्षक पुन्हा मॅकगिनेसच होते. २०११ च्या त्या उपांत्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून १४ गुण केले होते. येथे ते ४८ झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवे नियम कायम करण्यात आले.

इतर खेळांचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. १९५० मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एक सामना १९-१८ असा संपला. चेंडू धरून बसण्याच्या या वृत्तीवर १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या घड्याळाचा उतारा आला. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात प्रति सामना सरासरी २.२१ इतकेच गोल झाले; त्यानंतर १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने परत दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास बंदी झाली. तिन्ही ठिकाणी बचावाचे कौशल्य अबाधित राहिले. निर्बंध आला तो सुरक्षित वेळकाढूपणावर.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

कबड्डीतील आधुनिक बचावाच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. पहिला, कबड्डीतील पकड ही स्वतःच एक जोखीम आहे. चुकलेल्या पकडीत एका वेळी तीन-चार खेळाडू बाद होऊ शकतात. दुसरा, संघटित बचावामुळे एका तारांकित चढाईपटूवर विसंबलेला संघ आपोआप जिंकत नाही. सामान्य शरीरयष्टीचे सात खेळाडू एकमेकांच्या आधाराने त्याला रोखू शकतात. मर्यादित साधनांच्या ग्रामीण संघांसाठी ही मोठी गोष्ट आहे. तिसरा, अव्वल पकडीसारख्या तरतुदींमुळे सामना अखेरपर्यंत जिवंत राहतो.

आक्षेप घेणारेही अकारण बोलत नाहीत. पहिल्या दोन चढायांत दोन्ही बाजूंनी झुंज टाळली जाते, तेव्हा प्रेक्षकाच्या दृष्टीने खेळाचा मोठा भाग प्रतीक्षेत जातो. तिसरी चढाई काही ठरावीक खेळाडूंची खास जबाबदारी बनल्याने इतर चढाईपटूंना धोका पत्करण्याची सवयच लागत नाही. याचा सर्वाधिक परिणाम कुमार गटावर होण्याची भीती व्यक्त होते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला प्रथम हात लावणे, बोनस साधणे, पायाची चपळाई वाढविणे शिकवायचे की निदान रेषा ओलांडून सुखरूप परत यायला शिकवायचे, हा निवडीचा प्रश्न आहे. विजयाच्या घाईत दुसरा पर्याय सोपा वाटतो. अशा तालमीत घडलेला खेळाडू स्पर्धा जिंकेल. पण इराणसारख्या बचावासमोर गुण खेचून आणण्याचे अस्त्र त्याच्या भात्यात नसेल.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या, तर वादाचा खरा विषय उलगडतो. पकड, साखळी, कोपऱ्यातील दबा हे सारे कबड्डीचे वैभव आहे, कारण त्यात अंगावर घेण्याची जोखीम आहे. खेळ थंडावतो तो दोन्ही बाजू जोखीम टाळतात तेव्हा. निष्फळ चढाई ही एका संघाची निर्मिती नसते. चढाईपटूला आत शिरायचे नसते आणि बचावालाही त्याला अडवायचे नसते, अशा मूक संमतीतून ती घडते. म्हणून गुण कमी झाले की बचावाला दोष द्यायचा, ही पद्धत दिशाभूल करणारी ठरते. २८-२५ असा सामनाही थरारक असू शकतो आणि पन्नाशी गाठणारा सामनाही एकतर्फी असू शकतो. मोजायचे झाल्यास निष्फळ चढायांचे प्रमाण मोजावे लागेल.

पुढील बदलांची कसोटी

नियमबदलाचा विचार झाल्यास आयर्लंडच्या अनुभवातून तीन गोष्टी घेता येतील. बदल आधी प्रत्यक्ष सामन्यांत खेळून पाहावेत, एका हंगामाच्या अनुभवानंतरच ते कायम करावेत आणि सर्व पातळ्यांवर ते एकसारखे असावेत. हांगझोऊच्या वादाने यातील तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व आधीच सिद्ध केले आहे. तिसऱ्या चढाईच्या नियमाने आणखी एक बाब दाखवून दिली : प्रत्येक नव्या नियमावर प्रशिक्षक अल्पावधीतच नवा तोडगा काढतात. त्यामुळे नियम एकदा करून भागत नाही. त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवावे लागते.

जयपूरच्या सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये निष्फळ चढाया मोजण्यासाठी मोठा विद्युत फलक आणि संदिग्ध निर्णयांसाठी चित्रफीत असते. तेथून अवघ्या काही कोसांवरील चाकसूसारख्या ठिकाणी, ग्रामपंचायतीच्या मैदानावर, चुन्याने आखलेल्या रेषा आणि गुणलेखकाची वही यांवरच भिस्त असते. नियम तोच, तिसरी चढाई तीच. गुणलेखकाने दोन रिकाम्या खुणा केल्या की मैदानाभोवतीचा घोळका पुढे सरकतो, कारण आता पलीकडच्या गड्याला आत यावेच लागणार असते. त्याआधीच्या दोन चढायांतही तो घोळका तसाच पुढे सरकला, तर बचावाचे डावपेच कबड्डीला पचले, असे म्हणता येईल.